गच्चीवरचा बगळा

९ जानेवारी

गच्चीला भोक पाडायचं नाही, हे माझं कलम आज एकदाचं मंजूर झालं. मागच्या वेळी त्या गाण्याच्या मोठ्या कार्यक्रमासाठी कंपन्यांनी इमारतींवर तात्पुरते अँटेना उभे केले, कार्यक्रम संपल्यावर खांब उचलून नेले आणि बोल्टांची भोकं तशीच ठेवली. वर्षभर लोक गळक्या छताच्या तक्रारी घेऊन आमच्या खात्याच्या पायऱ्या झिजवत होते. आता लोखंडी सांगाडा गच्चीवर नुसता ठेवायचा, त्याच्या पायांवर काँक्रीटचे ठोकळे रचायचे आणि त्या वजनावर अँटेना उभा करायचा. काम झालं की सगळं उचलून न्यायचं. गच्चीला ओरखडासुद्धा उठायला नको.

साहेबांनी विचारलं, "आणि वारा सुटला तर?"

मी तिथल्या तिथे पुढचं वाक्य लिहिलं : वाऱ्याचा इशारा मिळाल्यास वजन वाढवावे.

"बाई, तुम्ही नियम लिहिता की दागिने घडवता?" साहेब म्हणाले. सगळे हसले, मीही हसले. घरी येताना वाटेत वाटलं, त्या हसण्यात थोडा गर्व होता. असू दे. वर्षातून एखाद्या दिवशी चालतो.

१७ जानेवारी

खेळांच्या स्पर्धांसाठी कंपन्यांचे अर्ज यायला लागले. एकाच मैदानात एवढी माणसं, प्रत्येकाच्या हातात फोन. जादा अँटेना लागणारच. मैदानाभोवतीच्या उंच इमारती त्यांनी हेरून ठेवल्या आहेत. चौथा की पाचवा अर्ज उघडला आणि पाहते तर आमचीच इमारत.

काय करायचं याचा विचार करावा लागला नाही. साहेबांना दोन ओळी लिहून दिल्या : मी या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते, माझा सख्खा भाऊ सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो, सबब ही फाइल दुसऱ्याकडे द्यावी. ती शेजारच्या टेबलावर गेली. त्या टेबलावरच्या गृहस्थांना सगळं ऑफिस झरणी म्हणतं. त्यांच्या सह्या झरझर होतात, आणि त्यांना स्वतःलाही ते नाव आवडतं.

"स्वतःच्या घराची फाइल हातची सोडणारी माणसं मी फक्त शाळेच्या पुस्तकात पाहिलीत," झरणी म्हणाले. "आमच्या बायकोला दाखवायला आणतो एकदा तुमच्याकडे."

संध्याकाळी मनाशी आणखी ठरवलं. नुसती फाइल सोडून भागणार नाही. या अँटेनाबद्दल कंपनीशी बोलायचं नाही, झरणींशी बोलायचं नाही, गच्चीवर पाऊलही टाकायचं नाही. मी तिथे दिसले तर कुणीही म्हणेल, बाई कागदावर बाजूला झाल्या आणि जिन्यानं वर गेल्या. अर्धवट सोवळं म्हणजे ओवळंच.

२१ जानेवारी

इमारतीची सभा. खाली वाहनतळात खुर्च्या मांडून. कंपनीचा माणूस आला होता, गोड बोलणारा. परवानगीच्या बदल्यात कंपनी लिफ्ट दुरुस्त करून देणार. लिफ्ट बंद पडून इतके दिवस झालेत की तिच्या दाराशी तळमजल्यावरच्या शिंप्यानं कापडाचे गठ्ठे ठेवलेत.

विरोध एकट्या दादाचा. किरणांमुळे डोकी दुखतात, झोप उडते, असं त्यानं कुठे कुठे वाचलेलं सगळं वाचून दाखवलं. चित्रकलेचे मास्तर असताना पोरांपुढे उभा राहायचा तसाच उभा होता, एक हात पाठीमागे, दुसऱ्या हातानं हवेत रेघा मारत. त्याची अर्धशिशी सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यापायीच त्यानं शाळा लवकर सोडली. त्यामुळे लोकांनी ऐकून घेतलं, पण मनावर घेतलं नाही.

"मास्तर, लिफ्ट चालू झाली तर सगळ्यांत जास्त सुख तुम्हालाच," शिंपी म्हणाला.

"पाचव्या मजल्यावर आरामात जायचं आणि तिथे आरामात भाजून निघायचं," दादा म्हणाला. हशा झाला. त्यालाही तो आवडला.

मग सेक्रेटरी माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही तर याच खात्यातल्या. तुमचं काय म्हणणं?"

"या विषयावर मी काही बोलणार नाही."

"म्हणजे हरकत नाही असं धरतो."

"तसं धरू नका."

"मग हरकत आहे असं धरू?"

"काहीच धरू नका."

"ताई, काहीतरी धरल्याशिवाय सभा पुढे कशी सरकणार?" पुन्हा हशा. शेवटी हात वर झाले आणि ठराव झाला. दादानं जाता जाता माझ्या खुर्चीच्या पाठीवर टिचकी मारली. "काय कायदेबाई, तोंडाला कुलूप का?"

त्याला सगळं समजावून सांगायला हवं होतं. पण तो ऐकून घेतो कुठे? लहानपणापासून भांडणात त्याचा आवाज वरचा आणि माझं म्हणणं बरोबर, असंच चालत आलंय. निदान मला तसं वाटतं.

२९ जानेवारी

सांगाडा उभा राहिला. रस्त्यावरून वर पाहिलं की पांढरा, एका पायावर उभा. शिंप्यानं त्याचं नाव बगळा ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत सगळी इमारत त्याला बगळा म्हणायला लागली.

रात्रीच्या जेवणाआधी वहिनी खाली आली. दादाचं डोकं सकाळपासून ठणकतंय. उलटीही झाली. "बगळा आल्यापासून," ती म्हणाली.

मला माहीत होतं, अजून त्याला वीजच जोडलेली नाही. जोडणी पुढच्या आठवड्यात आहे. हे सांगावं की नाही, क्षणभर वाटलं. पण ही ऑफिसची गुप्त बातमी नव्हे, जाहीर वेळापत्रक आहे. म्हणून सांगितलं. वहिनी इतकी हसली की खुर्चीत बसावं लागलं तिला. वर जाऊन तिनं ते दादाला सांगितलं असणार, कारण थोड्या वेळानं त्याचा फोन आला.

"वीज नसताना दुखतं म्हणजे विचार कर, वीज आल्यावर काय होईल," असं म्हणून त्यानं फोन ठेवला.

४ फेब्रुवारी

दादा तीन दिवस सकाळच्या चहाला आला नाही. आई गेल्यापासून हा त्याचा नेम आहे : सकाळी खाली यायचं, माझा पेपर आधी वाचायचा आणि शब्दकोडं चुकीचं भरून ठेवायचं. आज पेपर कोरा मिळाला. बरं वाटायला हवं होतं.

११ फेब्रुवारी

उद्घाटन रविवारी. त्याआधी जोराच्या वाऱ्याचा इशारा आला आणि ऑफिसात तारांबळ उडाली. माझ्या कलमाचा हवाला देऊन सगळ्या कंपन्यांना कळवण्यात आलं : वजन वाढवा. कलम वेळेला उपयोगी पडलं याचं समाधान वाटलं. त्यातच उद्यापासून मैदानाभोवतीचे रस्ते अवजड गाड्यांना बंद. म्हणजे काय चढवायचं ते आजच.

दुपारी काही कागद घ्यायला घरी आले तेव्हा आमच्या इमारतीपाशी क्रेन उभी होती. दोरखंडाला लटकून ठोकळे वर चालले होते. कंपनीचा माणूस फुटपाथवरून वर हात करून ओरडत होता, "राहू दे, राहू दे तिथेच! जिन्याजवळ ठेव सगळे, उद्या पसरू!" मी मान खाली घालून आत शिरले. मुद्दामच वर पाहिलं नाही. त्यानं ओळखून हात जोडले, तेव्हा मात्र मानेनंच उत्तर द्यावं लागलं. एवढं चालावं.

१२ फेब्रुवारी

दादा चहाला आला! पेपर उचलला नाही, बसलाही नाही.

"काल तुमच्या बगळ्यानं अंडी घातली का गं? दुपारभर क्रेन चालू होती. वर दुसरी इमारत बांधताहेत की काय?"

"वाऱ्यासाठी वजन वाढवलंय. सगळीकडेच वाढवलंय."

"आमच्या बाथरूमचं दार लागत नाही कालपासून."

मी हसले. मला वाटलं, हाही विनोदच. पण तो तसाच उभा.

"दार फुगलं असेल," मी म्हटलं. "दमटपणानं फुगतात दारं."

"दमट? या हवेत? अगं, दार तेवढंच आहे. चौकट तिरकी झालीय. चार कोपरे होते, चारही काटकोन. आता वरचा डावा कोपरा खाली आलाय. मी जन्मभर पोरांना रेघा शिकवल्या, मला कळत नाही का? एकदा वर येऊन बघ."

मी त्याला नीट, न चिडता समजावलं : त्या फाइलमधून मी लेखी बाजूला झाले आहे. मी वर आले, पाहिलं, आणि त्यावरून काही बोलले, तर तो सरळ हस्तक्षेप होईल. आणि नुसतं पाहून गप्प बसायचं तर पाहायचं कशाला?

"दार बघायला यायचं, फाइल बघायला नाही."

"दादा, तुला तो बगळा घालवायचाय. आधी डोकं झालं, आता दार झालं."

त्यानं माझ्याकडे बघितलं. रागानं नव्हे. वर्गात एखाद्या हुशार पोराची सोपी रेघ चुकली की बघत असेल तसं. "बरं," म्हणाला आणि गेला. जिना चढताना मधे थांबत होता. दुसऱ्या मजल्यावरून ऐकू येतं. लिफ्ट अजून तशीच आहे.

दिवसभर मन खात राहिलं. पण प्रत्येक वेळी तिथेच येऊन पोचते. आज एक दार पाहिलं तर उद्या सेक्रेटरी म्हणतील, आमचंही पाहा. दुसऱ्या इमारतीतल्या माणसाला वर जाऊन दार बघणारी सख्खी बहीण खात्यात नसते. मग दादालाच का असावी?

१३ फेब्रुवारी

संध्याकाळी वहिनी आली. ती एरवी मला 'अगं' म्हणते. रागावली की 'वन्सं'.

"वन्सं, ताटात माती पडली."

"कुठली माती?"

"छताची. मधल्या बोळात, बाथरूमच्या दारापाशी, वरून बारीक बारीक झडतंय. सकाळी झाडलं, दुपारी परत. त्यांचं डोकं दुखतंय म्हणून मी ताट आतल्या खोलीत नेत होते, तर त्यात."

रंग जुना झालाय, मी म्हटलं. वरचा मजला, ऊन. तरीही या वेळी मी तिला नुसतं परतवलं नाही. तक्रार लेखी द्या, म्हटलं. मुख्य कार्यालयात तळमजल्यावर तक्रारींची खिडकी आहे. तिथे दिलं की पाहणी करावीच लागते, झरणींना चुकवता येत नाही. अर्ज कसा लिहायचा तेही सांगितलं, फक्त मजकूर सुचवला नाही. सकाळी लवकर गेलात तर रांग नसते, असंही म्हटलं.

वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. पदराला हात पुसले. ते ओले नव्हते.

"तुझ्या भावानं तुला वर बोलावलं होतं," ती म्हणाली. "खिडकी कुठे आहे ते नव्हतं विचारलं."

ती गेल्यावर पायऱ्यांपर्यंत गेले. तिसऱ्या मजल्याच्या वळणापर्यंत चढलेसुद्धा. तिथे उभी राहून विचार केला : हे मी दादाच्या काळजीनं करतेय की वहिनीच्या शब्दाला घाबरून? दुसरं असेल तर ते नियम मोडण्याचं कारण होऊ शकत नाही. नक्की सांगता येईना. परत आले.

१४ फेब्रुवारी

मी किती बावळट! उद्घाटनाच्या तयारीसाठी आज कार्यालय लोकांसाठी बंद होतं. मीच आतून काम करत होते आणि मला आठवलं नाही. दादा सकाळी अर्ज घेऊन गेला होता. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं सोमवारी यायला सांगितलं.

फोन केला, माफी मागितली. "सोमवारी येतो," तो म्हणाला. आवाज थकलेला होता, चिडलेला नव्हता. मग म्हणाला, "तुझं शब्दकोडं राहिलंय माझं. राहिलेले सगळे पेपर ठेवून दे."

ठेवले आहेत.

१५ फेब्रुवारी, रविवार

मैदानाच्या नियंत्रण कक्षात ड्यूटी. डायरी बरोबर आणली आहे, कारण इथे दहा मिनिटं धावपळ आणि तासभर बसून राहणं असं चाललंय. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर शहराचा नकाशा, प्रत्येक अँटेनाचा एक हिरवा ठिपका. आमच्या इमारतीचा ठिपकाही. वारा आहे, पण भीती वाटण्याएवढा नाही. बाहेर माणसांचा आवाज समुद्रासारखा. संचलन सुरू झालंय.

एक गंमत लिहून ठेवते. आत्ता आमचा बगळा गेला! ठिपका एकदम लाल झाला. कंपनीची पोरं खुर्च्या सरकवून उठली, दोन फोन झाले, शेजारच्या इमारतीवरून भार घेतला, झालं. प्रेक्षकांत कुणाला पत्तासुद्धा लागला नाही. साहेब म्हणाले, "बाई, तुमच्या बंधूंनी वायर कापली नाही ना?" सगळ्यांना ती सभेची कथा झरणींनी सांगितलेली दिसते.

निदान आज दादाचं डोकं थांबेल. घरी गेले की वर जाऊन चिडवते. अँटेना बंदच आहे, तेव्हा वर जायला आता हरकत नाही.

फोन लावला. लागत नाही. बगळा गेल्यामुळे असेल.

२३ फेब्रुवारी

दादा गेला.

हे वाक्य लिहायला आठ दिवस लागले. पुढचं लिहिता येतं का पाहते.

वहिनी गॅलरीतून मैदानाकडे बघत होती. आवाज फार होता. दादाचं डोकं दुखत होतं, म्हणून तो कान झाकून घरात फिरत होता. बाथरूम सगळ्यांत आतली खोली, तिथे आवाज कमी येतो. तो दार ओढून घ्यायला गेला. दार लागेना. वहिनीला ऐकू आलं, "हे लागत नाही गं." त्यानं दारातच उभं राहून खांदा लावून रेटलं असावं. मग मधल्या बोळावरचा स्लॅब खाली आला. सगळं छत नव्हे, तेवढाच भाग. ज्यावर जिन्याजवळ म्हणून ते सगळे ठोकळे एकावर एक ठेवले होते तो. क्रेन पुन्हा येऊ शकणार नव्हती म्हणून शेजारच्या दोन इमारतींचेही ठोकळे त्यांनी आमच्याच गच्चीवर उतरवले होते. दुसऱ्या दिवशी पसरायचे होते, पण रस्ते बंद झाल्यावर माणसंच आली नाहीत. सांगाडा मागे ओढला जाऊन आडवा झाला. तोच तो लाल ठिपका.

रुग्णवाहिका पाहुण्यांच्या गाड्यांसाठी अडवलेल्या रस्त्यावर उभी राहिली. शिंपी आणि सेक्रेटरींनी दादाला चादरीत घालून पाच मजले उतरवलं. शिंपी सांगतो, मास्तर दुसऱ्या मजल्यापर्यंत होते. म्हणजे माझ्या दारापर्यंत.

मी घरी कशी आले ते आठवत नाही. चिडवायचं वाक्य मनात तयार होतं, तेवढं आठवतं.

२ मार्च

चौकशी समितीपुढे बोलावलं. पाणी दिलं. सगळे हळू बोलत होते.

कलम माझं आहे, हे मीच सांगितलं. वजन वाढवावं असं मी लिहिलं, पण ते कुठे ठेवावं हे लिहिलं नाही. मूळ सांगाड्याचे पाय बीमवर यावेत असं कलम होतं. वाढीव वजनाचं काहीच नव्हतं. समितीतल्या एकानं थांबवलं. "ते कंपनीच्या इंजिनिअरला कळायला हवं. तुम्ही स्वतःला कशाला टोचून घेता?"

मग दार आणि माती हेही सांगितलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, "तुम्ही त्यांना तक्रारीची रीतसर वाट दाखवलीत?" हो. "आणि तुम्ही फाइलमधून आधीच लेखी बाजूला झाला होतात?" हो.

"मग तुम्ही आणखी काय करायला हवं होतं?"

हा प्रश्न त्यांनी उत्तरासाठी विचारला नव्हता. मी तोंड उघडलं तोवर त्यांनी पुढचं पान उलटलं होतं.

बाहेर साहेब भेटले. "त्या फाइलवर तुमची सही नाही, हे केवढं बरं झालं," म्हणाले. मला धीर देत होते. चांगला माणूस आहे.

६ मार्च

झरणींना निलंबित केलंय. ते आज टेबल आवरायला आले होते. कोणी जवळ जाईना, म्हणून मी गेले. खरं म्हणजे मला विचारायचंच होतं. वजन वाढवल्यावर पाहणी करायची असते. ती का केली नाही?

ते पेनं एका डब्यात भरत होते. मान वर न करता म्हणाले, "बाकीच्या गच्च्यांवर गेलो बाई मी. वाऱ्याच्या इशाऱ्यानंतर, गुडघा दुखत असताना, एकूण एक. तुमची तेवढी सोडली."

"का?"

"तुम्ही राहता ना तिथे." आता त्यांनी वर पाहिलं. "सगळ्या खात्यात एवढ्या बारीक नजरेचं माणूस नाही. त्याच छताखाली तुमचा भाऊ. मी म्हटलं, तिळाएवढं जरी काही चुकीचं असतं तरी बाईंनी ऑफिस डोक्यावर घेतलं असतं. तुम्ही गप्प होतात. मी ते धरून चाललो."

मी म्हटलं, "मी सांगितलं होतं, काहीच धरू नका म्हणून."

"ते तुमच्या सेक्रेटरींना," झरणी म्हणाले. "मला नव्हतं सांगितलं."

खरं आहे. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. तसंच तर ठरवलं होतं.

१९ मार्च

इमारत रिकामी करायला लावली. वहिनी आणि मी भाड्याच्या दोन खोल्यांत आहोत. दादाची लेक येऊन राहून परत गेली. आईला सांभाळ, म्हणाली. वहिनीच मला सांभाळते. स्वयंपाक करते, माझे कपडे घडी घालून ठेवते, शेजारणीशी बोलते. मी तिला विचारलं, तुझा माझ्यावर राग आहे का. सरळच विचारलं, कारण मनात ठेवून राहणं बरोबर नाही.

"छे," ती म्हणाली. "राग कसला? तुम्ही जे करायचं ते नियमानंच केलंत, वन्सं."

जरा हलकं वाटलं. 'तुम्ही' का म्हणाली कोण जाणे. शेजारीण बसली होती, तिच्यासमोर मानानं बोलायचं म्हणून असेल.

ते राहिलेले पेपर सामानात इकडे आलेत. वहिनीनं रद्दीत घातले नाहीत. मीही नाही.

२७ मार्च

नियम दुरुस्त करायला साहेबांनी मलाच दिले. मी नको म्हणाले. ते म्हणाले, तुमच्याइतकं चोख कोण लिहिणार? मग लिहिले. वाढीव ठोकळे बीमच्या रेषेवरच, पसरून. क्रेन उतरण्यापूर्वी पाहणी. शेवटच्या मजल्यावरच्या प्रत्येक घराची पाहणी, आतून.

आणखी एक कलम लिहिलं आणि खोडलं, असं दुपारभर चाललं. अधिकारी हितसंबंधामुळे बाजूला झाला तरी धोका दिसल्यास त्यानं... यापुढे क्रियापद सापडेना. कळवावं? थांबवावं? धोका दिसायला आधी वर बघावं लागतं. तसं कलम कसं लिहितात, मला माहीत नाही. शेवटी साहेबांनीच लिहिलं. त्यांचं चांगलं आहे. मला त्यात माझी सुटका दिसते, म्हणून मला ते चांगलं वाटत नाही. की सुटका दिसते म्हणूनच चांगलं वाटतंय?

८ एप्रिल

आज पुन्हा सुरुवात. एका शर्यतीसाठी तात्पुरते अँटेना, नव्या नियमांखालची पहिली इमारत. फाइल न उघडता आधी वर गेले. कंपनीचा माणूस मागून धापा टाकत येत होता. "बाई, गच्ची तिकडे आहे, तिकडे!" मी शेवटच्या मजल्यावरची घंटा वाजवली.

एका म्हाताऱ्या बाईंनी दार उघडलं. मी ओळख सांगितली. अँटेना बसवायचाय म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "ते किरणांचं काय ते मला कळत नाही बाई. पण आमच्या यांचं डोकं दुखतं बघा त्यानं."

"अजून बसवला नाही आजी," कंपनीचा माणूस हसत म्हणाला. "आत्तापासूनच दुखायला लागलं?"

मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं. आत आजोबा पलंगावर बसले होते, कपाळाला रुमाल बांधून. मी त्यांना विचारलं, कुठे दुखतं. त्यांनी सांगितलं. मी बसून ऐकलं, सगळं. मग घरभर फिरले. बाहेरचं दार, खोलीचं दार, कपाटाचं, मोरीचं. प्रत्येक दार उघडलं, लावलं. कोपऱ्यांकडे बघितलं. मला रेघा कळत नाहीत, दादासारख्या कळत नाहीत, पण बघितलं. सगळी दारं लागत होती. मोरीचं दार लागताना थोडं घासत होतं.

"कधीपासून घासतं?"

"आम्ही आलो तेव्हापासून घासतंय," आजी म्हणाल्या. "त्याला काय होतंय? जरा उचलून घेतलं की बसतं."

कंपनीचा माणूस दारातून डोकावला. "बाई, उशीर होतोय. आणखी काय बघायचंय?"

आजींनी दार उचलून लावून दाखवलं. ते बसलं.

"पुन्हा एकदा लावा," मी म्हटलं.